माळ्यावरची तबकडी

मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच पकडायची तर भरती-ओहोटीचं गणित डोक्यात असावं लागतं. बंदरात गाळ साचलेला आहे. उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागतच नाही. मग माणसं पाणी चढण्याची वाट बघत बसून राहतात. माझ्या आयुष्यातले किती तास या बसण्यात गेले त्याचा हिशेब नाही. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, त्याच महिन्यात उरणपर्यंत रेल्वेही आली. तरी मला मुंबईला जायचं म्हटलं की पाय आपोआप बंदराकडे वळतात.

गेल्या वर्षी असेच खोळंबलो होतो. बरोबर भाचा होता, इंजिनियरिंगला शिकणारा. कानात ते तारांशिवायचे हेडफोन. एकाएकी एक हेडफोन काढून म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही ‘वंडरवॉल’ ऐकलंय?’’

म्हटलं, ‘‘ऐकलंय. आपल्या घरातच होती ती रेकॉर्ड.’’

‘‘कधी?’’

‘‘तुझा जन्म व्हायच्या खूप आधी. माझीच शाळा चालू होती तेव्हा.’’

तो हसला. त्याच्या मते ते गाणं ओएसिस नावाच्या इंग्लिश बँडचं, १९९५ चं. माझी शाळा तर १९८२ मध्येच सुटली होती. मी त्याला सांगितलं की गाणं त्यांचं असेल, नाव उसनं आहे. मूळ वंडरवॉल जॉर्ज हॅरिसनची, १९६८ सालची. आणि तिचा मोठा भाग इथून दिसते त्या मुंबईत, फोर्टमध्ये तयार झालेला आहे. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं मोबाईलवर शोधलं, सापडलं, हेडफोन काढून ठेवले आणि मोठ्यानं लावलं.

सनई वाजू लागली. पंचवीस वर्षांनी ती सनई मी ऐकत होतो. शेजारी मासळीची रिकामी टोपली घेऊन एक कोळीणबाई बसली होती. तिनं मान वळवून विचारलं, ‘‘कुनाचं लगीन हाय रं?’’

भाच्याला मी विचारलं, ‘‘आता सांग, हे कधीचं वाटतं?’’ तो म्हणाला, ‘‘कधीचंही असू शकेल. कालचंसुद्धा.’’ मग तो आपल्या सवयीप्रमाणे बोटानं पुढं पुढं सरकवत गेला. एका ठिकाणी इलेक्ट्रिक गिटार कर्कश, फाटलेल्या आवाजात सुरू झाली. दोन सेकंदांत त्यानं निकाल दिला, ‘‘हे मात्र जुनं आहे, मामू. साठ-सत्तरचं.’’

एकच तबकडी. एकाच माणसाची, एकाच वर्षाची. तिचा एक तुकडा कोळीणबाईला आजच्या लग्नाचा वाटला आणि दुसऱ्याचं वय पोरानं चुटकीसरशी सांगितलं. पाणी चढलं, लाँच लागली, आम्ही गेलो. पण ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. तिच्यामागे आणखी एक गोष्ट होती, जी मी घरात कुणालाच सांगितलेली नव्हती.

ती तबकडी चाचांनी आणली होती. आमच्या कोकणातली मुसलमान माणसं जहाजावर गेली तर बहुतेक डेकवर, सुकाणू-दोरखंडाच्या कामाला. चाचा मात्र खाली इंजिनरूममध्ये, तेलवाला. मशीनला तेल घालायचं, बेअरिंग तापतंय का ते हात लावून, कान लावून बघायचं. ते सांगायचे की वर समुद्र आहे हे त्यांना ड्युटी संपल्यावरच कळायचं. दोन वर्षांनी, कधी अडीच वर्षांनी घरी यायचे. पेटीतून अब्बांसाठी दाढीचं सामान, दादीसाठी शाल, मांसाठी काचेची भांडी निघायची. १९७४ च्या खेपेला एक रेकॉर्ड प्लेअर निघाला आणि त्याच्याबरोबर काही तबकड्या. पुढे दरवेळी दोनचार वाढत गेल्या. तलत महमूद, रफी, कव्वाल्या आणि लिव्हरपूलच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून उचललेली ही एक.

का उचलली? चाचा कारण सांगत, ते कव्हर. कव्हरवर लाल विटांची भिंत आहे. भिंतीच्या एका अंगाला काळी हॅट आणि कोट घातलेला एक साहेब, दुसऱ्या अंगाला नदीत न्हाणाऱ्या हिंदुस्थानी बायका. बॉब गिल नावाच्या चित्रकारानं ते रंगवलं. हॅरिसननं त्याला भिंतीतली एक वीट काढायला लावली, म्हणजे त्या बिचाऱ्या साहेबाला पलीकडचं बघायची संधी मिळेल. हे मी पुढे वाचलं. आमच्या घरात त्या बायकांपायी ते कव्हर दादीच्या नजरेआड, तलतच्या मागे असायचं. पण चाचा म्हणत की दुकानात कव्हर उलटलं तेव्हा मागे ‘बॉम्बे’ अशी अक्षरं दिसली आणि खाली शर्मा, केंकरे अशी नावं. इतक्या लांब, थंडीत, आपल्या गावचं नाव. मग ती तिथं सोडून येणं झालं नाही.

आता थोडं त्या तबकडीविषयी सांगायला हवं, कारण आपल्याकडे बीटल्सची चर्चा ऋषिकेशच्या आश्रमापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. ऋषिकेशला जाण्याआधी, जानेवारी १९६८ च्या दुसऱ्या आठवड्यात, हॅरिसन काही दिवस मुंबईत होता. ‘वंडरवॉल’ नावाचा एक इंग्लिश चित्रपट बनत होता. एक एकलकोंडा प्रोफेसर भिंतीच्या भोकातून शेजारच्या खोलीतल्या मुलीचं आयुष्य बघत राहतो, अशी त्याची कथा. दिग्दर्शक ज्यो मॅसॉट. चित्रपटात बोलणं फारच थोडं, त्यामुळे संगीताला मोकळं रान. हॅरिसन स्टॉपवॉच घेऊन एकेक प्रसंग मोजायचा आणि तेवढ्या सेकंदांचं संगीत बनवायचा. काही काम लंडनला झालं. त्यात लिव्हरपूलच्या रेमो फोर या बँडची पोरं होती, एका ठिकाणी एरिक क्लॅप्टनची गिटार होती. उरलेलं काम एच.एम.व्ही.च्या फोर्टमधल्या स्टुडिओत. सनईला शरद कुमार आणि हनुमान जाधव, संतूरला शिवकुमार शर्मा, बासरीला केंकरे, तारशहनाईला विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगाला रिजराम देसाड. ध्वनिमुद्रणासाठी स्टिरिओ यंत्र हवं होतं, ते तेव्हा कलकत्त्याला होतं. भारतातल्या एच.एम.व्ही.चे प्रमुख भास्कर मेनन यांनी ते आगगाडीनं मुंबईला आणवलं. नोव्हेंबर १९६८ मध्ये तबकडी निघाली. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीची ती पहिलीच एल.पी. आणि बीटल्सपैकी एकट्यानं काढलेलाही पहिलाच अल्बम. इंग्लंडच्या यादीत ती आलीच नाही, अमेरिकेत एकोणपन्नासाव्या क्रमांकापर्यंत गेली. थोडक्यात, फार कुणी विचारली नाही.

अल्बम कसला, तर एकोणीस तुकडे. काही एका मिनिटाचे, काही पाचचे. सनई संपते तोच लंडनच्या दारूच्या गुत्त्यातला वाटावा असा पियानो, मग पखवाज, मग सुरबहार, मध्येच घोड्यांच्या टापांचं काउबॉय संगीत. शब्द जवळजवळ नाहीत. आम्ही मुलं ती तबकडी लावली की पळून जायचो, कारण हिच्यावर नाचता येत नसे आणि तिच्याबरोबर गाताही येत नसे. चाचा मात्र डोळे मिटून बसायचे. इंजिनरूममधल्या माणसाची ऐकण्याची रीत वेगळी असते. ते गाणं ऐकत नसत, मशीन ऐकावी तसं सगळं ऐकत. त्यांनीच मला दाखवलं, ‘‘ऐक. इथं. टॅक्सीचा हॉर्न.’’

मला कधी ऐकू यायचा, कधी नाही. यायचा तेव्हा तो खरंच आला की चाचांच्या धाकानं आला, ते आजही सांगता येणार नाही. चाचांचं म्हणणं असं की १९६८ च्या जानेवारीत ते एकवीस वर्षांचे होते, नल्ली काढण्यासाठी रोज मोऱ्याहून लाँचनं यायचे आणि बॅलार्ड इस्टेटपासून फोर्टपर्यंत ऑफिसं झिजवायचे. ‘‘त्या टॅक्सीपुढून मीच रस्ता ओलांडला असेन,’’ असं ते म्हणायचे आणि वर, ‘‘माझ्यावरच वाजवलाय तो हॉर्न.’’ घरात ही गोष्ट चेष्टेची झाली होती. अब्बा पाहुण्यांना सांगत, आमचा भाऊ बीटल्सच्या रेकॉर्डवर आहे.

कित्येक वर्षांनी मी हॅरिसनची आठवण वाचली. त्यानं सांगितलंय की मुंबईचा तो स्टुडिओ ऑफिसांच्या वरती होता, बाहेरचा आवाज अडवण्याची सोय नव्हती, नीट ऐकलं तर काही तुकड्यांत टॅक्सी जाताना ऐकू येतात आणि संध्याकाळी ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे. ते वाचताना अंगावर काटा आला. चाचांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं.

भाच्याच्या निकालाकडे परत येतो. त्याचा सरळ अर्थ असा लागतो की आपलं भारतीय ते कायमचं, आणि रॉकवाल्यांचं ते चार दिवसांचं. हा अर्थ आपल्याला सुखावतो. म्हणूनच मला त्याच्याविषयी जरा शंका आहे.

संतूरचंच घ्या. आज दवाखान्यात, हॉटेलात, विमानात जे ‘शांत भारतीय संगीत’ म्हणून वाजत असतं त्यात संतूर हमखास असतो. माझ्या दाताच्या डॉक्टरकडे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावलेलं असतं. माणसाला वाटतं, हे वाद्य तानसेनाच्या काळापासून दरबारात वाजत असणार. पण शिवकुमारांनी मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात संतूर वाजवला तो १९५५ मध्ये. तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती. या वाद्यावर मींड निघत नाही, तुटक तुटक वाजतं, याला शास्त्रीय कसं म्हणायचं? संतूर त्याआधी काश्मीरच्या खोऱ्यात होता, सुफियाना मौसिकीत, तिपाईवर ठेवून वाजवला जाई. आपल्या मुसलमान कलावंतांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. शिवकुमारांनी त्याच्या घोड्या आणि तारांची मांडणी बदलली, तो मांडीवर घेतला आणि रागदारीत आणला. म्हणजे १९६८ च्या त्या स्टुडिओत रागदारीच्या मंचावरचा संतूर अवघा तेरा वर्षांचा होता. क्लॅप्टनच्या फाटक्या गिटारीपेक्षा फार तर थोडा मोठा भाऊ. आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये काब्रा जे वाजवतात ती गिटारच आहे, मांडीवर आडवी घेतलेली.

हार्मोनियमची कथा तर आणखी मजेची. हार्मोनियमशिवाय कव्वालीची मैफल आपल्याला सुचतच नाही. उर्सात पहिला सूर पेटीचा निघतो आणि वाटतं, ख्वाजासाहेबांच्या काळापासून हे असंच चालत आलंय. या पेटीचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली अलेक्झांडर देबें या माणसानं घेतलं. तिला जमिनीवर बसून हातानं भात्यानं वाजवायचं रूप पुढे कलकत्त्यात मिळालं. मिशनऱ्यांबरोबर आलेलं वाद्य. परकं आहे, श्रुती लागत नाहीत, अशा तक्रारी होऊन १९४० मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. थोडं थांबून विचार करा. ज्या दिवसांत हॅरिसन मुंबईत हार्मोनियम ध्वनिमुद्रित करत होता त्या दिवसांत मुंबईच्याच रेडिओ केंद्रावर तिला मज्जाव होता. आज कुणी म्हणेल का, हार्मोनियम हा एक फसलेला परदेशी प्रयोग आहे?

मला जे सुचतं ते इतकंच. ज्याला आपण कालातीत म्हणतो तो बहुतेक वेळा कुणाचा तरी प्रयोगच असतो, फक्त त्याची जन्मतारीख सगळे विसरलेले असतात. आणि विसरतात ते आपोआप नाही. कुणीतरी ते वाजवत राहतं, शिष्याला शिकवतं, लग्नात लावतं, उर्सात लावतं. कोळीणबाईला ती सनई आजची वाटली, कारण गेल्याच आठवड्यात कुठल्यातरी मांडवात तिनं सनई ऐकली होती. क्लॅप्टनची गिटार भाच्याला जुनी वाटली, कारण तशा आवाजाला त्याच्या कानात आज जागा नाही. आमच्या उरणमध्ये चार पोरांनी तसली गिटार वरातीत वाजवायला सुरुवात केली तर तीही दहा वर्षांत कालातीत होईल. हे मी गमतीनं लिहीत नाही. बँडपथकातली क्लॅरिनेट अशीच आपली झाली.

मग या अल्बमचं काय? तो सगळाच्या सगळा कालातीत आहे, असं मी म्हणणार नाही. ‘ड्रीम सीन’ नावाचा त्याच्यातला सगळ्यात धाडसी तुकडा घ्या. फिती कापून, उलट्या फिरवून, एकावर एक चढवून केलेला. बीटल्सनी ‘रेव्होल्यूशन ९’ मध्ये हाच खेळ केला तो त्यानंतर. त्या काळात हे ऐकून माणसं चक्रावली असतील. भाच्यानं ऐकलं आणि सांगितलं की त्याच्या मोबाईलमधलं एक अ‍ॅप हे दोन मिनिटांत करून देतं. नावीन्य हेच ज्याचं भांडवल होतं, त्याचं भांडवल संपलं. या तुकड्याची मला कीव येते आणि म्हणूनच थोडं प्रेमही वाटतं. जुन्या लाँचचं तिकीट पुस्तकात सापडावं तसं.

पण टॅक्सीचा हॉर्न? तो तर कालातीतच्या अगदी उलट. एका ठराविक संध्याकाळचा, फोर्टमधल्या एका ठराविक रस्त्याचा. आजचा कुठलाही ध्वनिमुद्रक तो पुसून टाकील. तरी माझ्यासाठी त्या अल्बममध्ये जे जिवंत आहे ते त्याच हॉर्नाच्या आसपास आहे. सनई किंवा संतूर मी दुसरीकडे ऐकू शकतो, याहून चांगला ऐकू शकतो. खिडकीबाहेर माणसं कामावरून घरी चालली आहेत, त्यांतल्या एखाद्याला शेवटची लाँच गाठायची आहे, आणि आत काही माणसं सेकंद मोजत तार छेडताहेत, हे मात्र या एकाच तबकडीत आहे. दिवाळी अंकांतून ‘कालातीत’ हा शब्द आपण ज्या सढळ हातानं वाटतो तो पाहिला की वाटतं, काळाचा वास धुऊन काढलेल्या गोष्टीलाच आपण तो लावतो. दाताच्या डॉक्टरकडे वाजतं ते तसं झालंय. त्यात शिवकुमारांचा दोष नाही. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा मी घरी मुद्दाम बसून, काहीही काम न करता ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पुन्हा ऐकलं आणि ते ताजं होतं.

आता ती न सांगितलेली गोष्ट.

१९९९ मध्ये आम्ही घराची कौलं काढून स्लॅब टाकला. अब्बा जाऊन वर्ष झालं होतं. चाचा शेवटच्या कराराच्या जहाजावर होते. माळा रिकामा करताना तबकड्यांचा खोका निघाला, रेकॉर्ड प्लेअर तर बंदच होता. कव्हरांना बुरशी, कोपरे वाळवीनं खाल्लेले. सिमेंटवाल्याचे पैसे द्यायचे होते, हे खरं. पण हेही खरं की तेव्हा मला त्या वस्तूंची लाज वाटत होती. कॅसेटीही मागे पडून सीडी आल्या होत्या. मला नवं घर हवं होतं, नवं दिसणारं. मी तो खोका लाँचमध्ये टाकला, चोर बाजारात नेला आणि एका दुकानदाराला देऊन टाकला. भाव करायलाही थांबलो नाही. परत येताना डेकवर उभा होतो आणि मला हलकं वाटत होतं. पश्चात्ताप वगैरे तेव्हा काही झाला नाही. तो सावकाश आला.

चाचा कायमचे घरी आले. स्लॅब बघून खूष झाले. बरेच दिवसांनी जेवताना सहज म्हणाले, ‘‘ती भिंतीवाली रेकॉर्ड कुठाय रे?’’ मी म्हटलं, ‘‘वाळवीनं खाल्ली, चाचा. सगळा खोकाच खाल्ला.’’ त्यांनी मान हलवली आणि भात कालवला. पुन्हा कधी विचारलं नाही. मी मराठीचा मास्तर आहे. तीस वर्षं मुलांना खरं बोलावं म्हणून निबंध लिहायला लावले.

बंदरावरच्या त्या दिवसानंतरच्या शुक्रवारी, जुम्याची नमाज आणि जेवण झाल्यावर भाच्यानं एक छोटा स्पीकर आणून ओट्यावर ठेवला. ‘‘छोटे नाना, तुमच्यासाठी एक गंमत आहे.’’ चाचा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कानाचं मशीन मुलानं आणून दिलंय, ते कपाटात असतं. सनई सुरू झाली. मी चाचांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काहीच हललं नाही. मग म्हणाले, ‘‘काय आहे हे?’’

मी कानाशी जाऊन सांगितलं.

‘‘रेकॉर्ड झिजलीय,’’ ते म्हणाले. ‘‘पार झिजलीय.’’

भाचा त्यांना समजावू लागला की ही झिजलेली नाही, २०१४ मध्ये मूळ फितीवरून साफ करून पुन्हा काढली आहे, पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे. चाचा ऐकत नव्हते. ‘‘सनई कुठं गेली?’’ असं त्यांनी दोनदा विचारलं. सनई तर समोर किंचाळत होती.

मला कारण माहीत होतं. मशीनच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानातले आधी वरचे स्वर जातात. चार हजार हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो आणि तो रुंद होत जातो. सनईची धार, संतूरच्या तारांची चमक तिथंच असते. खालचं टिकतं. तबल्याचा डग्गा टिकतो, पखवाज टिकतो. ज्या कानांनी ती टॅक्सी शोधली होती त्यांना इंजिनानं थोडं थोडं करून खाल्लं होतं. त्याची नुकसानभरपाई कुठल्या कंपनीनं दिली नाही आणि चाचांनी मागितलीही नाही.

एवढा वेळ मी तबकडीच्या वयाचा विचार करत होतो, कान मी हिशेबात धरलाच नव्हता.

पखवाजाचा तुकडा आला तेव्हा चाचांनी पुढं वाकून तळहात स्पीकरवर ठेवला. बेअरिंगवर ठेवावा तसा. बोटं थोडी हलली. ‘‘हा,’’ ते म्हणाले. ‘‘हा तोच.’’

तेव्हा मी सांगून टाकलं. भाच्यासमोरच. कानाशी तोंड नेऊन सांगावं लागलं, त्यामुळे हळू आवाजात कबुली देण्याची सोयही नव्हती, अर्ध्या आळीला ऐकू गेलं असेल. ‘‘चाचा, वाळवीनं खाल्ली नव्हती. मी विकली. चोर बाजारात.’’

चाचांनी हात स्पीकरवरून काढला नाही. ‘‘वाळवी कव्हर खाते,’’ ते म्हणाले. ‘‘रेकॉर्ड कशी खाईल?’’

म्हणजे पंचवीस वर्षं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘कितीला दिलीस?’’

‘‘सगळ्या मिळून दीडशे रुपये.’’

‘‘प्लेअरसकट?’’

‘‘प्लेअरसकट.’’

‘‘फसलास,’’ असं म्हणून त्यांनी भाच्याला खूण केली की थांबू नकोस, चालू राहू दे. तो तुकडा संपला, दुसरा लागला. सुरबहार होता, संथ. त्यातलं चाचांना किती ऐकू येत होतं मला माहीत नाही. एका ठिकाणी त्यांनी बोट वर केलं.

‘‘ऐक. इथं.’’

मी भाच्याकडे बघितलं, भाच्यानं माझ्याकडे. आम्हाला दोघांनाही ऐकू आला होता. बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा बंदराकडे वळत होती, दुपारच्या लाँचची माणसं घेऊन.